बेलकीसचा गळा

बेयोग्लूच्या त्या तळघरात उन्हाळाभर पंखा बंद,
पंख्याची घरघर टेपवर येते म्हणून.
भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे, पुठ्ठ्यांत झुरळं,
आणि मी, मुअल्ला, पाय पाण्याच्या घमेल्यात बुडवून
आठवड्यातून तीनदा मरते.
सोमवारी क्षयाने.
बुधवारी सावत्र आईच्या सरबताने.
शुक्रवारी कड्यावरून, पण तेव्हा नुसती किंकाळी,
तिचे पैसे निम्मे.

मरते ती बेलकीस एरतान.
गळा मी काढते.

फिल्मचा तुकडा घाण्याच्या बैलासारखा
फिरून फिरून तिथेच येतो.
संवाद कोण पाठ करणार? महिन्याला चार सिनेमे.
कॅमेऱ्यापुढे ती नुसते आकडे म्हणते:
बिर, इकी, उच, दोर्त,
पाचाला पापणी, सहाला आसू.
मी तिच्या सातात ‘जाऊ नकोस’ बसवते,
आठात ‘मूल तुझंच आहे’.
इतकी वर्षं तिचं तोंड बघतेय,
नवऱ्याचंसुद्धा इतकं निरखलं नसेल.
खालची दाढ किडलीय
हे तिच्या आधी मला कळलं.

भेटलो एकदाच, निर्मात्याच्या जिन्यात.
ती वर निघालेली, मी खाली.
मान लववली तिने, बोलली नाही.
बोलली असती तर
दोघींपैकी एकीला खोटं पडावं लागलं असतं.

त्या वर्षी इझमीरला चांदीचं डाळिंब तिला.
उत्कृष्ट अभिनेत्री. रेडिओवर थेट.
नणंद हुस्निये भेंड्या दोऱ्यात ओवत होती.
“ऐक आता,” म्हणाली, “तुझा आवाज बक्षीस घेतोय.”
टाळ्या.
मग टाळ्या संपल्या.
मग ते, ज्याला आगोप उस्ता कोरी टेप म्हणतो:
एक खुर्ची, एक खोकला, लांब कुठे समुद्र असावा.
आणि आवाज आला.
किनरा, बिचकलेला, त्राब्झोनच्या डोंगराकडचा,
जिथे ‘क’चा ‘च’ होतो.
“मी... सगळ्यांची...”
कुणीतरी हसलं. एकच जण.
मग तो एकटा राहिला नाही.
निवेदकाने घाईघाईने वाद्यवृंद सुरू केला.

हुस्नियेची सुई भेंडीत अडकून राहिली.
आणि माझे ओठ, कुणी सांगितलं नव्हतं,
त्या भरदार, मखमली,
सिनेमामागे चाळीस लिऱ्यांनी भाड्याने दिलेल्या गळ्यातून
तिचं वाक्य पुरं करत होते
स्वयंपाकघरात, भेंड्यांपुढे.

वाटलं होतं, आनंद होईल.
पंधरा वर्षं वाट पाहिली होती
एकदा तरी कुणी पडद्यामागे डोकवावं म्हणून.
पण तो आवंढा तिचा की माझा,
अजून सांगता येत नाही.

सोमवारी पुन्हा तळघर, पुन्हा घमेलं.
लाल दिवा लागला.
पडद्यावर बेलकीस, बोटीच्या धक्क्यावर,
वाऱ्यात रुमाल.
ओठ: येदी, सेकिझ.
मी म्हणाले, “येदी. सेकिझ.”
त्या डोंगराकडच्या सुरात, जमेल तसं.

आगोप उस्ताने यंत्र थांबवलं.
“हे काय?”
“ती हेच म्हणतेय.”
त्याने चष्मा पुसला, बराच वेळ पुसला.
टेप मात्र पुसली नाही.
डब्यावर नाव न घालता
वरच्या फळीवर, मागे सारून ठेवली.

“चल, आता कामाचं घेऊ,” म्हणाला.
गुरुवारच्या गाडीने डबे अदानाला जायचे होते,
आणि तिथल्या वितरकाने या खेपेस
दोन रडणी जास्त मागितली होती.